घरातील कार्यालयासाठी मोठ्या आकाराचा रंगीत प्रिंटर : ए३+ टाकीवाला की २४ इंची प्लॉटर?

प्रश्न – रेखाकोकण

नमस्कार. मी वास्तुविशारद असून रत्नागिरीत राहत्या घरातील एका खोलीतून काम करते. घरे, जुन्या घरांची दुरुस्ती व वाढीव बांधकाम आणि थोडे अंतर्गत सजावटीचे काम असे कामाचे स्वरूप आहे. बांधकाम परवानगीचे अर्ज आता ऑनलाइन जात असले, तरी मालक, ठेकेदार आणि कर्ज देणारी बँक या सर्वांना नकाशांचे कागदी संच द्यावेच लागतात. नकाशे रंगीत असणे अपरिहार्य आहे, कारण पाडावयाचे काम पिवळ्या तिरक्या रेघांनी, प्रस्तावित काम लाल रंगाने आणि सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक रेघेने दाखवावी लागते.

सध्या सर्व छपाई बाजारपेठेतील दुकानातून करून घेते. एखादे माप बदलले की पुन्हा पेन ड्राइव्ह घेऊन जाणे, रांगेत थांबणे आणि पावसात गुंडाळी सांभाळत परत येणे यात अर्धा दिवस मोडतो. माझे बहुतेक मूळ नकाशे ए१ आकाराचे, म्हणजे ५९४ × ८४१ मिलिमीटरचे असतात. साइटवर मात्र ए३ संचच जास्त वापरले जातात. ए१ नकाशे महिन्यातून दोन-तीनदाच लागतात, ए३ जवळजवळ रोज. ग्राहकांना दाखवण्यासाठी खोल्यांची रंगीत त्रिमितीय चित्रेही अधूनमधून छापावी लागतात.

अशा कामासाठी २४ इंची रोलचा छोटा प्लॉटर (रोलच्या कागदावर मोठे नकाशे छापणारे यंत्र) घ्यावा, की ए३+ पर्यंत छापणारा शाईच्या टाकीचा प्रिंटर घ्यावा? की रंगीत लेझरचा विचार करावा? खोली लहान आहे, वीज वारंवार जाते आणि जून ते सप्टेंबर हवेत प्रचंड ओल असते, हे लक्षात घेऊन जाणकारांनी सल्ला द्यावा.

उत्तर – नाशिकचा आराखडा

मॅडम, आपल्या प्रश्नातच उत्तराचा मोठा भाग आला आहे. ए३ रोज आणि ए१ महिन्यातून दोन-तीनदा, असे प्रमाण असेल तर माझ्या मते प्लॉटर घेऊ नये. प्रिंटरची निवड आपल्याला लागणाऱ्या सर्वांत मोठ्या कागदावरून होऊ नये, तो किती नियमित चालणार आहे यावरून व्हावी. शाईवर चालणारे कोणतेही यंत्र पडून राहिले की हेडमधील, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागातील शाई सुकते, मग ते स्वतःला साफ करण्यासाठी शाई ओढते आणि ही शाई कागदावर न येता थेट वाया जाते. महिन्यात पाच-सहा नकाशे काढणाऱ्या प्लॉटरच्या कार्ट्रिजमधील बरीच शाई अशी नुसती सफाईतच जाते. ती कार्ट्रिज लहान असतात आणि शाईचा दर टाकीच्या शाईपेक्षा कितीतरी जास्त पडतो.

रंगीत ए३ लेझर घरासाठी मला योग्य वाटत नाही. तो जड असतो, जागा फार घेतो आणि कागदावर टोनर (रंगाची भुकटी) वितळवून बसवण्यासाठी त्याला एकदम मोठा विद्युतभार लागतो, जो घरगुती इन्व्हर्टरला बहुधा झेपत नाही. शाईच्या प्रिंटरचे काम छपाईच्या वेळीही साधारण एखाद्या बल्बइतक्या विजेत भागते.

म्हणून आपण ए३+ टाकीवाला प्रिंटर घ्यावा. त्यावर ३२९ × ४८३ मिलिमीटरपर्यंतचा कागद चालतो, म्हणजे ए३ नकाशा समासात न कापला जाता चारही कडांसह पूर्ण येतो. एप्सनचा एल१५१५० हा या प्रकारातील विचारात घेण्याजोगा प्रिंटर आहे. त्याच्या चारही शाया पिगमेंटच्या, म्हणजे वाळल्यावर पाण्याला बऱ्यापैकी टिकणाऱ्या आहेत आणि ए३ कागद स्कॅनही करता येतो. मालकाने पेनाने खुणा करून परत दिलेला नकाशा घरीच स्कॅन करता येणे ही आपल्या कामात मोठी सोय ठरेल.

ए१ चा नकाशा ए३ वर आणला की लांबी-रुंदी नेमकी निम्मी होते. १:१०० चा नकाशा १:२०० चा होतो, त्यामुळे साइटवर पट्टी लावून माप घेता येते. मात्र ए१ वर २.५ मिलिमीटर उंचीची ठेवलेली अक्षरे ए३ वर सव्वा मिलिमीटरची होतात आणि ती गवंड्याला वाचता येत नाहीत. अक्षरे सुरुवातीपासूनच ५ मिलिमीटरची ठेवावीत. ए३ संच हाच मुख्य संच आहे असे धरून मांडणी केली, तर ए१ ची गरज आणखी कमी होईल असे मला वाटते.

उत्तर – पायाभरणी

वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. मी संरचना अभियंता आहे. सळयांचे तपशील ए३ वर दाटीवाटीने येतात आणि त्यातून साइटवर गैरसमज होतात, म्हणून मी घरी २४ इंची प्लॉटर ठेवला आहे. रोलची रुंदी ६१० मिलिमीटर असल्याने ए१ आडव्या बाजूने नेमका बसतो. आपल्या भागातील दोन-तीन सहव्यावसायिकांचे नकाशेही आपल्याकडे छापले जाणार असतील आणि यंत्र दर आठवड्याला चालणार असेल, तर प्लॉटरचा विचार जरूर करावा. घेण्यापूर्वी रोलच्या आतील नळी २ इंची लागते की ३ इंची हे विचारून ठेवावे. छोट्या प्लॉटरना बहुधा २ इंची लागते आणि गावातील विक्रेत्याकडे नेमका दुसराच रोल असतो.

उत्तर – शाई आणि कागद

मी अनेक वर्षे कोकणात प्रिंटर दुरुस्तीचे काम करतो. कोणतेही यंत्र घेतले तरी आपल्या हवेत काय जपावे लागेल, ते सांगतो.

पहिली गोष्ट शाईची. डाय शाई कागदाच्या तंतूंत मुरते, चमकदार दिसते, पण ओला हात लागला की पसरते. पिगमेंट शाईचे सूक्ष्म कण कागदाच्या पृष्ठभागावर बसतात आणि वाळल्यावर पाण्याला बऱ्यापैकी टिकतात. पावसाळ्यात साइटवर जाणाऱ्या नकाशांसाठी पिगमेंटच घ्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दुसरी गोष्ट पिवळ्या रंगाची. आपल्या नकाशात पाडावयाच्या भिंती पिवळ्या रेघांनी दाखवलेल्या असतात. पिवळ्या रंगाची छिद्रे तुंबली तर त्या रेघा फिक्या पडतात किंवा उमटतच नाहीत, आणि पाडायची भिंत नकाशावर कायम ठेवायच्या भिंतीसारखी दिसू लागते. त्याच वेळी लाल रंग गुलाबीकडे झुकतो, कारण लाल हा किरमिजी आणि पिवळा यांच्या मिश्रणातून तयार होतो. पांढऱ्या कागदावर पिवळ्या रेघा डोळ्यांना नीट दिसत नाहीत, म्हणून संच काढण्यापूर्वी नोझल (शाईची छिद्रे) तपासणीचे पान छापून ते खिडकीजवळच्या उजेडात तिरके धरून पाहावे. रेघ तुटलेली दिसली तरच हेड क्लीनिंग करावे, एकदा-दोनदा करून थांबावे आणि काही तासांनी पुन्हा तपासावे. लागोपाठ सफाई करत राहिल्याने टाक्या रिकाम्या होतात आणि वाया गेलेली शाई शोषणारा पॅड लवकर भरतो. हा पॅड किंवा त्याची पेटी घरच्या घरी बदलता येते का, हे खरेदीपूर्वी अवश्य पाहावे.

तिसरी गोष्ट विजेची. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा. बटणाने बंद केल्यावर हेड आपल्या जागी जाऊन झाकले जाते. भिंतीवरचा स्विच बंद केला किंवा छपाई चालू असताना वीज गेली, तर हेड उघडे राहण्याची आणि सुकण्याची शक्यता असते. साधा संगणकाचा यूपीएस यासाठी पुरतो.

कागदाचा रीम उघडल्यावर उरलेला कागद मूळ वेष्टनात गुंडाळून, शक्य तर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा. ट्रेमध्ये रात्रभर राहिलेल्या ओलसर कागदाच्या कडांना लाटा येतात, हेड त्यांना घासते आणि काळे डाग पडतात. नकाशांसाठी ७० ऐवजी ९० किंवा १०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतक्या ग्रॅमचा), म्हणजे जाड कागद घेतला तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

रेखाकोकण

सर्वांचे मनापासून आभार. पाडायच्या भिंतीचा मुद्दा वाचून तपासणीच्या पानाचे महत्त्व नीट समजले. सहव्यावसायिकांचे काम घेण्याचा सध्या विचार नाही, त्यामुळे पिगमेंट शाईच्या ए३+ प्रिंटरकडे कल झाला आहे. दोन शंका उरल्या आहेत. त्रिमितीय चित्रे त्यावर समाधानकारक येतील का? आणि घरी छापलेल्या नकाशाच्या प्रमाणावर विश्वास ठेवता येईल का?

शाई आणि कागद

चित्रे मॅट कागदावर चांगली येतील. चकचकीत फोटो कागदावर चार रंगांची पिगमेंट शाई तितकी खुलत नाही. तेथे एप्सन एल१८०५० सारखा सहा रंगांचा, डाय शाईचा प्रिंटर सरस ठरतो, पण तो साइटच्या नकाशांसाठी मी सुचवणार नाही. चकचकीत चित्रे क्वचितच लागत असतील, तर ती बाहेरून छापून घ्यावीत. चित्र छापल्यावर काळपट वाटले तर आधी पडद्याची प्रखरता कमी करून पाहावी, कारण बहुतेक पडदे कागदापेक्षा फार उजळ ठेवलेले असतात.

नाशिकचा आराखडा

प्रमाणाबद्दल सांगतो. छपाईच्या खिडकीत ‘कागदात बसवा’ हा पर्याय कधीही निवडू नये, ‘मूळ आकार’ किंवा १०० टक्के हाच ठेवावा. समासरहित छपाईही नकाशासाठी टाळावी, कारण त्यात प्रिंटर चित्र किंचित मोठे करून कडेबाहेर नेतो आणि प्रमाण बिघडते. प्रत्येक नकाशाच्या तळाशी १०० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवावी. छपाई झाल्यावर तिच्यावर स्टीलची पट्टी लावून पाहावी, आणि कागद आडवा व उभा अशा दोन्ही दिशांना एकेकदा तपासावे, कारण कागद सरकवणारे रोलर आणि हेडची हालचाल यांत होणारी चूक वेगवेगळी असते. ए१ वरून निम्म्या आकारात काढलेल्या संचावर हीच रेघ ५० मिलिमीटर भरली पाहिजे.