मदत हवी आहे: पहिलीच इलेक्ट्रिक गिटार जोडली, पण तारांना हात लावला की घूं वाढतं

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

मी मिरजेची. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लॉकडाऊनमध्ये साधी गिटार शिकायला लागले आणि गेल्या दिवाळीत बोनस हातात पडल्यावर इलेक्ट्रिक गिटारचं किट मागवलं. घाट स्ट्रॅटोकास्टरचा: बासवुडची बॉडी, स्क्रूने बसणारी नेक, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांखाली बसणारे, तारेच्या कंपाचा विजेचा सिग्नल करणारे चुंबक-वेटोळे), पाच पोझिशनचा स्विच, एक व्हॉल्यूम, दोन टोन. सोल्डरिंगचा अनुभव शून्य. लाकडाचाही शून्यच, पण त्यासाठी आमच्या गल्लीत माणूस होता.

शेजारचे काका सतारी करतात. बॉडीला स्प्रे मारणार म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला आणि घरातून चपड्याचं पॉलिश आणून दिलं. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवलेला, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळायचा, एक थेंब तेल, आणि हात कुठेही थांबवायचा नाही. मी एकदा थांबवला, तिथे बोळ्याचा ठसा अजून आहे. सतरा दिवस रोज संध्याकाळी दोन-तीन हात दिले. रंग असा आलाय की गुळाची ढेप उन्हात धरावी. वायरिंगचं विचारलं तर काका म्हणाले, "विजेचं आपल्याला नको. तुमच्या त्या वाद्यात जवारीसुद्धा चालत नाही म्हणता, मग मी त्यात काय बघणार?" (जवारी म्हणजे सतारीच्या घोडीतून येणारी ती झणझण.)

तर आता विजेचं. झालंय असं:

किटमधला मधला पिकअप मीटरवर काहीच दाखवत नव्हता. आतली केसाहून बारीक तार टोकाशी तुटलेली होती. म्हणून तेवढा एक पिकअप दुसऱ्या कंपनीचा घेतला, पाकिटावर 'मिडल' लिहिलेला. टोनचा कपॅसिटर हरवला (माझाच गलथानपणा), तो सांगलीत एका दुकानातून आणला. बाकी सगळं किटमधलंच. पांढऱ्या वायरी स्विचला आणि काळ्या सगळ्या व्हॉल्यूमच्या पॉटच्या (म्हणजे बटणाखालच्या फिरणाऱ्या रोधाच्या) पाठीवर.

तक्रारी अशा:

अँप लावला की घूंऽऽ येतं, आणि तारांना हात लावला की ते वाढतं. सगळीकडे वाचलं की हात लावल्यावर कमी व्हायला हवं. शिल्डिंग (बाहेरचं घूं अडवणारं धातूचं आवरण) नसेल म्हणून पिकगार्डच्या, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या पट्टीच्या, मागे स्वयंपाकघरातली फॉइल चिकटवली, तर आणखी वाढलं.

पोझिशन 2 आणि 4 ला (म्हणजे मधला पिकअप दुसऱ्या कुणाबरोबर असतो तेव्हा) आवाज किरकिरा येतो, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. एकेकटे तिन्ही पिकअप छान वाजतात.

टोन पूर्ण खाली केला की आवाज जवळजवळ जातोच. आणि ब्रिजच्या (घोडीजवळच्या) पिकअपवर टोनचं एकही बटण चालत नाही.

केबल लावून तिच्या दुसऱ्या टोकाला मीटर धरला. नेक 5.7, मधला 5.9, ब्रिज 6.0 किलोओहम. पोझिशन 2 आणि 4 ला 2.9 च्या आसपास. मग चुकलंय कुठे? दोन रविवार यात गेलेत आणि घरचे आता त्या खोलीत येत नाहीत.

पाचवी पोझिशन

ताई, 2 आणि 4 चा आवाज तसाच असतो हो! लोक त्या आवाजासाठीच स्ट्रॅट (म्हणजे स्ट्रॅटोकास्टर) घेतात. 1954 साली ही गिटार आली तेव्हा स्विच तीनच पोझिशनचा होता. वाजवणारे तो मधेच अडकवून दोन पिकअप एकदम वाजवायचे. ती बनवणाऱ्या फेंडर कंपनीने पाच पोझिशनचा स्विच द्यायला 1977 उजाडलं. उगाच उघडू नका.

ब्रिजला टोन नसणं हीसुद्धा मूळ रचनाच आहे. एक टोन नेकचा, एक मधल्याचा. हवा असेल तर स्विचवर एक छोटी वायर टाकून देता येतो, पण ते नंतर.

कृष्णाकाठची

दादा, तो आवाज मी ऐकलाय, मोकळा आणि जरा काचेसारखा असतो. इथे खर्जाची तार छेडली तर नुसती टणटण येते, बुड नाहीच. शिवाय आवाजही एकदम पडतो, निम्म्यावर.

ड्राय सोल्डर

मग ताईंचं बरोबर आहे. बुड गेलं आणि आवाज पडला म्हणजे पिकअप एकमेकांच्या विरुद्ध फेजमध्ये आहेत, एकाचा सिग्नल वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली. पण ते नंतर, आधी घूं बघू.

मी पुण्यात तीस वर्षं रेडिओ आणि अँप दुरुस्त करतोय, गिटार वाजवता येत नाही. तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य सोन्यासारखं आहे: फॉइल लावल्यावर घूं वाढलं. शिल्ड लावून आवाज वाढला, याचा अर्थ शिल्ड ग्राउंडला नाही, सिग्नलला जोडलेली आहे. म्हणजे तुम्ही ढाल नाही, अँटेना लावलीत. तारा ब्रिजमार्फत त्याच ठिकाणी जोडलेल्या, म्हणून तारेला हात लावला की तुम्ही स्वतः अँटेनाचा भाग होता. माणसाचं शरीर घरातल्या वायरिंगचा 50 हर्ट्झ फार छान पकडतं.

माझा संशय जॅकवर, म्हणजे गिटारमध्ये केबल खुपसतो त्या भोकावर. मीटर बीपवर ठेवा. एक टोक ब्रिजला, दुसरं केबलच्या प्लगच्या दांड्याला, म्हणजे लांब भागाला. बीप यायला हवा. मग टोकाच्या बोंडाला लावा. तिथे बीप यायला नको, काही किलोओहम दिसायला हवेत. काय येतं ते सांगा.

तुमची आधीची रीडिंग बरोबर आली याचं नवल नाही. रोधाला दिशा नसते. बोंड आणि दांडा उलटे जोडले तरी 5.7 चे 5.7 च दिसणार. फेज उलटी असली तरी 2.9 च दिसणार. मीटर खोटं बोलत नाहीये, तुम्ही त्याला हे विचारलेलंच नाही.

वायरमन

मधे बोलतो, माफी असावी. ताई, अँपचा प्लग तीन पिनचा आहे ना? तो कशात लावलाय?

कृष्णाकाठची

दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये. घर जुनं आहे, त्या खोलीत तीन पिनचा बोर्डच नाही.

वायरमन

मग दुरुस्ती होईपर्यंत तो अँप लावू नका. गिटार नीट जोडली की तारा केबलमधून अँपच्या चॅसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडल्या जातात. अँपमध्ये काही बिघडून चॅसिसवर घरच्या विजेचा करंट आला आणि अर्थिंग नसेल तर तो तुमच्या बोटांपर्यंत येतो. दुसरा हात माइकला किंवा नळाला लागला तर संपलंच. वायरमनला बोलावून त्या खोलीत खरं अर्थिंग ओढून घ्या. पिन नुसती बोर्डात असून उपयोग नाही, ती खाली कुठे तरी पोहोचलेली हवी, आणि ती पोहोचलीय का हे त्याच्याकडून तपासून घ्या. कितीतरी घरांत तिसरं भोक शोभेचं असतं. घूं कमी होईल तो फायदा वेगळा.

कृष्णाकाठची

आज वायरमन येऊन गेला. स्वयंपाकघरात अर्थिंग निघालं, तिथून वायर ओढून दिली. आता बोर्ड तीन पिनचा.

आणि ड्राय सोल्डर दादा, ब्रिज आणि *बोंड*: बीप! दांड्याला 5.7 किलोओहम.

जॅक उघडला तेव्हा कळलं. किटच्या कागदावर जॅकचं चित्र पुढून काढलंय आणि मी तो हातात उलटा, मागून धरून जोडला होता. डावं-उजवं झालं. दोन वायरी, तेवढंच. दोन रविवार.

ड्राय सोल्डर

सगळ्यांचं होतं. पुढच्या वेळी चित्राकडे बघू नका, जॅककडे बघा. लांब वाकलेल्या पट्टीला जोडलेला कान सिग्नलचा. प्लगचं बोंड त्या पट्टीलाच टेकतं. गोल कड्याला जोडलेला कान ग्राउंडचा.

आता फेज. नवा मधला पिकअप दुसऱ्या कंपनीचा, म्हणजे काळी वायर म्हणजे ग्राउंड हा नियम तिथे लागू नाही. रंग ज्याच्या त्याच्या मर्जीने. तपासायची युक्ती अशी: मीटर 20 किलोओहमवर, केबलच्या टोकाला. फक्त नेक निवडा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर पिकअपच्या चुंबकांवर टेकवा, आकडा स्थिर होऊ द्या, आणि झटकन उचला. उचलताना आकडा क्षणभर वर जातो की खाली, ते बघा. मग हेच मधल्यावर, मग ब्रिजवर. तिघांचं उत्तर एकच यायला हवं. ज्याचं वेगळं, त्याच्या दोन वायरी आपसात बदला. तुमच्या पिकअपचं कव्हर प्लास्टिकचं आहे म्हणून हे इतकं सोपं. टेलिकास्टरच्या नेकसारखं धातूचं कव्हर असतं तर ते एका वायरीला जोडलेलं असतं, आधी ते सोडवावं लागतं.

आणखी एक खूण. 2 आणि 4 ला घूं एकट्या पिकअपपेक्षा जास्त येतं की कमी?

कृष्णाकाठची

जास्त. ते मी वेगळं लिहिलं नाही, कारण सगळीकडेच घूं होतं.

ड्राय सोल्डर

मग नवा पिकअप बहुतेक 'उलट वेढ्यांचा' आहे. मधल्या पिकअपचे वेढे उलटे आणि चुंबकही उलटा ठेवतात. दोन्ही उलटं म्हणून तारेचा सिग्नल सुलटा राहतो, आणि बाहेरून आलेलं घूं, ज्याला चुंबकाशी देणंघेणं नाही, ते मात्र उलटं होऊन दुसऱ्या पिकअपच्या घूंला मारतं. तुमच्या वायरी बदलल्या गेल्याने सगळं फिरलं: सूर एकमेकांना मारतायत आणि घूंची बेरीज होतेय. वायरी बदला, दोन्ही एकदम सुटेल.

हो, पॉटच्या पाठीवर सोल्डर मारताना कोणतं यंत्र वापरलंत? 25 वॅटचं असेल तर त्या पत्र्याला ते तापवू शकत नाही. सोल्डर वर गोळीसारखा बसतो, चिकटत नाही. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.

कृष्णाकाठची

25 चंच होतं. आणि गोळ्या आहेत खऱ्या, साबुदाण्यासारख्या. एक तर नखाने उडाली.

ड्राय सोल्डर

50-60 वॅटचं मिळवा. पॉटची पाठ बारीक पॉलिश पेपरने घासा, आधी नुसत्या पत्र्यावर सोल्डर पसरू द्या, तो पाण्यासारखा पसरून चकाकला पाहिजे. मग वायर ठेवा. तीन-चार सेकंदांत झालं पाहिजे, जास्त वेळ टेकवलंत तर आतला कार्बनचा ट्रॅक जातो. आणि प्लंबरची ॲसिडवाली पेस्ट कुणी देत असेल तर घेऊ नका, वायरी हिरव्या पडून तुटतात.

पाचवी पोझिशन

फेजच्या बाबतीत माझं चुकलं, मान्य. पण टोनवर मला बोलू द्या. कपॅसिटरवर काय छापलंय?

कृष्णाकाठची

224.

पाचवी पोझिशन

सापडला! हवा होता 223. शेवटचा आकडा म्हणजे पुढे किती शून्यं, आणि उत्तर पिकोफॅरडमध्ये. 223 म्हणजे 22 वर तीन शून्यं, 0.022 मायक्रोफॅरड. 224 म्हणजे 0.22, दहापट. दुकानदाराने 'बावीसचा' ऐकलं आणि हाताला लागला तो दिला असणार. एवढा मोठा लावला की वरचे आणि मधले सगळे सूर जमिनीत जातात, उरतो तो घोंगडीखालचा आवाज. 473 पण चालेल, जरा जास्त मऊ होतो. सुरुवातीच्या स्ट्रॅटमध्ये 0.1 चा असायचा, पण तुम्ही 223 नेच सुरू करा. पाच-दहा रुपयांची वस्तू आहे, दोन्ही आणा आणि कानाने ठरवा.

कृष्णाकाठची

झालं!

मधल्या पिकअपचा आकडा खरंच उलट्या बाजूला हलला. वायरी बदलल्या. 2 आणि 4 ला आता आवाज भरलेला येतो, आणि घूं तर तिथे जवळजवळ नाहीच. एकट्या पिकअपवर थोडं आहे, तारांना हात लावला की कमी होतं. ट्यूबलाइट बंद केली की आणखी कमी. पॉटवरचे साबुदाणे काढून सगळे जोड नव्याने केले. 473 आणि 223 दोन्ही लावून बघितले, 223 ठेवला.

काल रात्री काकांना ऐकवायला बोलावलं. त्यांनी आधी पॉलिशवरचा तो ठसा शोधून त्यावर बोट ठेवलं. मग पिकअपकडे बराच वेळ बघत बसले. एक तार त्यांनी स्वतः छेडली, व्हॉल्यूम वरखाली केला, आणि विचारलं, "हे सतारीला बसेल का?" मला उत्तर आलं नाही. बसेल का?

ड्राय सोल्डर

अर्धं. हा पिकअप फक्त लोखंड-पोलाद ओळखतो. सतारीची बाजाची तार, चिकारी आणि तरफा पोलादी असतात, त्या वाजतील. जोड आणि खर्जाच्या तारा ब्राँझच्या किंवा पितळी, त्या मुक्याच राहतील. काकांना म्हणावं, घोडीखाली पिझो (कंपाच्या दाबावर चालणारा पिकअप) लावून बघा, त्याला धातूशी घेणंदेणं नसतं. आणि जवारीचं काय होतं तेही इथे लिहा, मला ऐकायचंय.