जुन्या पेट्रोल जीपचा ऑइलवाला एअर क्लीनर, धूर देऊन राह्यली

दारव्हा_जीपवाला:
भाऊ लोक, बुढ्याची जुनी महिंद्रा जीप हाये, सीजे ३बी, २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन. तीन वर्षं कोठ्यात उभी होती. मिस्त्रीनं एअर क्लीनरमधी ऑइल टाकून देल्लं, जास्त असलं तं जास्त धूळ पकडते म्हणे. तवापासून रेस देल्ली का निळा धूर, अन् कार्बोरेटरकडच्या पाईपात बोट फिरवलं तं ऑइल लागते. आता तोच म्हणते पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोला. काय करू?

वावरातला_मेकॅनिक:
रिंगा राहू द्या बाप्पा, पहिले एअर क्लीनरच्या खालची ऑइलची वाटी खोला. वाटीले रेघ असते, ऑइल तिथवरच. हवा खाली येते, ऑइलवर आपटून उलटी वर वळते, जड धुळीले वळता येत नाही म्हणून ते ऑइलात बसते अन् बाकीची ओल्या जाळीले चिकटते. रेघेच्या वर भरलं तं हवा ऑइलच ओढून नेते, मंग धूर नाही तं काय होईन.
इंजिन बंद करून अर्धा घंटा थांबा, जाळीतलं ऑइल गळू द्या. वाटी सरळ धरून उतरवा, तिरपी झाली का पँट गेली समजा. तळाशी चिखल असन, पावसात वावरातून आल्यावर चपलेले असते तसा, तो जुन्या चमच्यानं खरवडा. जाळी डिझेलमधी बुचकळा, राकेल आता कुठं भेटते. पेट्रोलनं धुऊ नका. पुरी सुकली का इंजिनातलंच ऑइल रेघेपर्यंत भरा.

काळी_माती:
जाळी शेकोटीत टाकून साफ करणारे पाह्यले मी, तसं नका करू, खराब होते. अन् डिझेल ट्रॅक्टरवाल्यांनो, तुम्ही तं रेघ पाळाच, ऑइल आत गेलं तं इंजिन त्याच्यावरच पळते, डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. थ्रेशरच्या दिवसात आम्ही रोज वाटी पाहतो.

दारव्हा_जीपवाला:
खोलली. रेघेच्या वर दोन बोटं ऑइल होतं! पाईपही पुसला. पहिले पाच-दहा मिनिटं धूर आला, मंग बंद. पण वाटीचं रबर वाळून चिरलं हाये, चालन का?

वावरातला_मेकॅनिक:
नाही चालत. तिथूनच फुफाटा ओढन, वरून कितीही साफ करा. नवं टाका, मंगच वावरात न्या.