मदत हवी आहे: पार्शल व्हॉल्यूम करेक्शननंतर डाव्या-उजव्या बाजूतला फरक कमी व्हायच्या ऐवजी वाढला

नमस्कार मंडळी,

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये फिजिसिस्ट म्हणून मी तसा नवीन आहे. मेंदूच्या एका एफडीजी पेट स्कॅनवर (किरणोत्सारी साखर टोचून मेंदूचा कोणता भाग ती किती घेतो हे दाखवणारी तपासणी) तीन आठवडे अडलोय.

स्मरणशक्तीची तक्रार असलेले वयस्कर गृहस्थ आहेत. साध्या प्रतिमेत त्यांच्या उजव्या पॅरायटल कॉर्टेक्सचा (मेंदूच्या वरच्या-मागच्या भागातल्या बाहेरच्या थराचा) आकडा डाव्यापेक्षा ६ टक्के कमी येतो. एमआरआयवर त्याच बाजूचा कॉर्टेक्स झिजलेला दिसतो. कॉर्टेक्सची जाडी मुळातच २ ते ४ मिमी, आमच्या स्कॅनरचं रिझोल्यूशन ५ मिमीच्या आसपास. त्यामुळे ग्रे मॅटरचे (कॉर्टेक्स याच ऊतीचा असतो) काउंट, म्हणजे मोजलेले किरण, आजूबाजूला सांडतात आणि पट्टी जितकी पातळ तितके जास्त सांडतात. म्हणून हे सांडणं भरून काढणारं पार्शल व्हॉल्यूम करेक्शन म्यूलर-गार्टनर पद्धतीनं (व्हाइट मॅटरचा वाटा वजा करून ग्रेच्या वाट्यानं भागायचं) केलं. फरक नुसत्या झिजेचा असेल तर तो कमी व्हायला हवा होता. झाले ६ चे १३ टक्के!

अटेन्युएशन करेक्शन (डोक्यातच अडलेल्या किरणांची भरपाई) सीटीवरून केलंय. रिकन्स्ट्रक्शनमध्ये (मोजणीवरून प्रतिमा बनवताना) पीएसएफ, म्हणजे स्कॅनरचा धूसरपणा कमी करणारी सोय, चालू आहे. एमआरआय आधी सीटीशी जुळवला आणि तेच ट्रान्सफॉर्मेशन पेटला लावलं. ग्रे मॅटरचा मास्क (तो कुठे आहे हे दाखवणारा साचा) एमआरआयच्या सेगमेंटेशनमधून, म्हणजे ऊती वेगळ्या करून, घेतला.

१३ हा आकडा खरा मानायचा का? की अटेन्युएशनची चूक करेक्शनमुळे फुगली? रिपोर्ट मी थांबवून धरलाय, पण घरचे लोक वाट बघताहेत, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

प्रतिसाद १

रिपोर्ट थांबवलात हे उत्तम केलंत.

आधी हिशेब करून बघा. ग्रे मॅटरची खरी मोजणी ४, व्हाइट मॅटरची (कॉर्टेक्सच्या आतल्या भागाची) १, सीएसएफची (मेंदूभोवतीच्या द्रवाची) ० धरा. एखाद्या व्हॉक्सेलमध्ये (प्रतिमेच्या एका बारीक घनात) ग्रेचा वाटा ०.५ आणि व्हाइटचा ०.४ असेल तर मोजणी २.४ येईल. अटेन्युएशनच्या चुकीनं ती ६ टक्क्यांनी घटली तर २.२५६. त्यातून व्हाइटचे ०.४ वजा करून ०.५ ने भागलं की ३.७१, म्हणजे ४ पेक्षा ७ टक्क्यांच्या जरा वर कमी. चूक फुगते खरी, पण ६ ची १३ होण्याइतकी नाही. तेव्हा अटेन्युएशन एकटं दोषी नाही, आणखी काहीतरी बिघडलंय.

म्यूलर-गार्टनरला एफडब्ल्यूएचएम (धूसरपणाची रुंदी, म्हणजेच रिझोल्यूशन) किती दिलात?

धागाकर्ता

५ मिमी. स्कॅनरच्या कागदपत्रातला.

प्रतिसाद १

ही एक चूक सापडली. पीएसएफनं रिझोल्यूशन आधीच काही अंशी परत मिळवलेलं असतं, त्यावर पुन्हा ५ मिमी धरून भागलं की एकच दुरुस्ती दोनदा होते. शिवाय पीएसएफमुळे कडांवर जे खोटे उंचवटे येतात तेही वर चढतात. मात्र ही चूक पातळ बाजूचा आकडा जास्त वाढवते, म्हणजे तिनं तुमचा फरक कमीच केला असता. १३ चं कारण दुसरीकडे शोधायला हवं. मेंदूच्या परिमाणाच्या कामासाठी मी पीएसएफ बंदच ठेवतो.

प्रतिसाद २

माझं बोट एकाच वाक्यावर आहे: एमआरआय सीटीशी जुळवला आणि तेच पेटला लावलं. सीटी झाल्यावर डोकं हललं असेल तर सीटीवरून बनवलेला अटेन्युएशनचा नकाशा आणि ग्रे मॅटरचा मास्क, दोन्ही एकदमच चुकीच्या जागी बसतात.

५११ केईव्हीला (पेटच्या फोटॉनची ऊर्जा) पाण्याचा अटेन्युएशन गुणांक दर सेंटिमीटरला ०.०९६ आहे. १६ सेंमीच्या डोक्यातून फोटॉनच्या जेमतेम एक पंचमांश जोड्या सुखरूप बाहेर येतात, म्हणजे दुरुस्तीच जवळपास पाचपट. नकाशातून १ सेंमी पाण्याइतका थर सुटला की त्या रेषेवर सुमारे ९ टक्के गेले. डोकं उजवीकडे सरकलं असेल तर पेटमधली उजवी कड नकाशाबाहेर पडते आणि तिथली दुरुस्ती अपुरी राहते. डावीकडे ती गरजेपेक्षा जास्त होते. कवटीला चाटून जाणाऱ्या रेषांवर तर लहानसा सरकावही मोठा पडतो. मास्कचंही तसंच आहे: जाड पट्टीला २-३ मिमी सोसतात, झिजलेल्या पट्टीवरून मास्क पार निसटतो.

अटेन्युएशन करेक्शन न केलेली पेट प्रतिमा घ्या, कारण तिच्यात सीटीची चूक शिरलेली नसते. सीटी तिच्याशी जुळवा, नव्यानं रिकन्स्ट्रक्ट करा, मग एमआरआय थेट पेटशी जुळवा. हा क्रम उलटवू नका. नकाशा चुकीचा असताना केलेलं पार्शल व्हॉल्यूम करेक्शन ती चूक पक्की करून ठेवतं. शेवटी लहान मेंदूही बघा. संदर्भ म्हणून तोच घेतला असेल आणि कवटीच्या तळाशी नकाशा बिघडला असेल तर सगळीच गुणोत्तरं बिघडतील.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री बसून सगळं पुन्हा केलं. सीटी आणि पेटमध्ये ४ मिमीचा सरकाव होता, उजवीकडेच. प्रतिमा नुसती डोळ्यांनी बघताना तो मला दिसला नव्हता. नवीन नकाशा, पीएसएफ बंद, एमआरआय थेट पेटशी जुळवलेला: साध्या प्रतिमेत फरक ३ टक्के, करेक्शननंतर १. म्हणजे जे उरलं ते झिजेचंच दिसतंय. न्यूरॉलॉजिस्टना दोन्ही आकडे आणि सरकावाची नोंद आज सकाळी दिली.

आता पीएसएफशिवाय खरा एफडब्ल्यूएचएम आमच्याच स्कॅनरवर मोजायचा आहे. हॉफमन फँटम (चाचणीसाठीचा मेंदूचा नमुना) मिळेल, ग्रे-व्हाइटचं ४:१ प्रमाण ठाऊक आहे. त्याची डिजिटल प्रतिमा वेगवेगळ्या एफडब्ल्यूएचएमनं धूसर करत जाऊन मोजलेल्या प्रतिमेशी जुळवायची, की आधी पॉइंट सोर्सच (ठिपक्याएवढा किरणोत्सारी स्रोत) घ्यावा? कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा.