व्यवसायाचे व्हिडिओ: रेकॉर्डिंग सुरू झालं की बोलणं पाठ केल्यासारखं होतं, काय करावं?

काटेवाला
घड्याळ दुरुस्तीचा व्यवसाय आहे. गिऱ्हाईक समोर असलं की न अडखळता बोलता येतं. मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू झालं की तेच बोलणं पाठांतर वाटतं, नजर सारखी स्क्रीनकडे जाते, आणि नंतर पाहताना आपलाच चेहरा-आवाज परका वाटतो. एक-एक मिनिटाचे उभे व्हिडिओ करायचे आहेत. सध्या सेल्फी कॅमेरा वापरतो, मोबाईल टेबलावर टेकवलेला असतो, मागे खिडकी. आधी काय सुधारू, बोलणं की मांडणी?

उजेड_सावली
आधी मांडणी. कॅमेऱ्यासमोर डोक्यात एकाच वेळी चार कामं चालू असतात: शब्द आठवणं, नजर सांभाळणं, चेहऱ्यावर लक्ष ठेवणं, आणि रेकॉर्डिंग नीट होतंय का याची काळजी. यातली तीन मांडणीनेच कमी होतात.

सेल्फी कॅमेरा बंद करून मागचा वापरा. स्वतःचा चेहरा समोर दिसत असेल तर नजर तिकडे जाणारच, कितीही ठरवलं तरी. शिवाय सेल्फी कॅमेरा रुंद कोनाचा असतो, हातभर अंतरावरून नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. चेहरा 'परका' वाटण्याचं एक कारण तेच. मोबाईल स्टँडवर दीड मीटर लांब ठेवा, भिंग बरोबर डोळ्यांच्या उंचीवर. २x भिंग असेल तर ते लावा. टेबलावरचा मोबाईल खालून बघतो, त्यामुळे हनुवटी आणि छतच जास्त दिसतं.

मागचा कॅमेरा लावल्यावर चौकट दिसत नाही, म्हणून उभं राहायची जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून घ्या. तिथे कुणाला तरी उभं करा, स्क्रीनवर त्यांच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) लॉक होईल. हे केलं नाही तर हात हलवला की उजेड कमीजास्त होतो, आणि तुम्ही एखादं घड्याळ पुढे धरलंत की फोकस चाचपडत राहतो. मग दहा सेकंदांचं चाचणी रेकॉर्डिंग पाहून मगच कामाला लागा.

खिडकी पाठीमागे ठेवलीत तर चेहरा काळवंडणारच. तोंड खिडकीकडे करा, पण अगदी समोर नको, साधारण ४५ अंशांत. मग खोलीतले पिवळे दिवे बंद करा, नाहीतर एक गाल निळसर आणि एक पिवळा येतो. दिव्यांवरच चित्रण करायचं असेल आणि पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसत असतील, तर शटरचा वेग (एक चौकट टिपायला लागणारा वेळ) विजेशी जुळत नाही. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, तिथे १/५० किंवा १/१०० ठेवा. ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२०. मोबाईलच्या मूळ ॲपमध्ये ही सोय नसेल तर मॅन्युअल कॅमेऱ्याचं ॲप घ्या.

आणि भिंग पुसा. बोटाचा तेलकट ठसा असला की सगळं धुरकट येतं.

कानसेन
मांडणीत आवाज राहिला. दीड मीटरवरचा मोबाईल तुमच्यापेक्षा खोलीच जास्त ऐकतो, भिंतींवरून परतलेला आवाज मिसळतो आणि बोलणं विहिरीतून आल्यासारखं होतं. कॉलरचा माईक घ्या आणि हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा, साधारण १५ ते २० सेंटीमीटर. फार वर लावला तर हनुवटीच्या आडोशामुळे आवाज दबतो. वायर कपड्याला घासू देऊ नका, तिची छोटी गुंडाळी करून क्लिपमध्ये अडकवा. पंखा बंद. पडदे, गादी, कपड्यांचं कपाट असलेली खोली रिकाम्या खोलीपेक्षा नेहमी चांगली.

कानात घालायचे ब्लूटूथ इअरबड माईक म्हणून वापरू नका. त्यांचा माईक सुरू झाला की बहुतेक वेळा ते फोन-कॉलच्या पद्धतीवर जातात आणि आवाज टेलिफोनसारखा सपाट येतो. खास व्हिडिओसाठी मिळणारे बिनवायरचे माईक वेगळे, ते चालतात. ॲपमध्ये आवाजाची पातळी दिसत असेल तर सर्वात मोठ्या शब्दाला ती उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहू द्या. शून्य ही वरची मर्यादा, तिला धडकून फाटलेला आवाज नंतर पूर्वीसारखा करता येत नाही.

परकेपणाबद्दल: आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि त्या वाटेने खालचे सूर जास्त पोहोचतात. रेकॉर्डिंगमध्ये ते नसतात, म्हणून आवाज पातळ वाटतो. चेहऱ्याचं तसंच, आरशात आपण रोज उलटी प्रतिमा बघतो. १९७७ च्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मित्रांना सरळ फोटो. गिऱ्हाइकाच्या ओळखीचा चेहरा आणि आवाज व्हिडिओतलाच आहे.

मुद्दा_एक
आता बोलण्याकडे. पूर्ण मजकूर पाठ करू नका. पाठ केलेल्या वाक्यात एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडकतं. पहिलं आणि शेवटचं वाक्य शब्दशः ठरवा, मधले तीन मुद्दे भिंगाच्या अगदी शेजारी कागदावर मोठ्या अक्षरांत, प्रत्येकी दोन-तीन शब्द. एका मिनिटात सावकाश बोलून सुमारे ११० ते १३० शब्द बसतात, म्हणजे एकच विषय.

तुमच्या कामातलं उदाहरण. विषय: सेल बदलल्यावर घड्याळात वाफ का धरते.
पहिलं वाक्य: 'सेल बदलल्यावर काचेच्या आत वाफ दिसत असेल, तर मागच्या झाकणाची रबर रिंग बघायला हवी.'
मुद्दे: रिंग दबते, कडक होते. नवी रिंग, सिलिकॉन ग्रीस. दाब-चाचणी.
शेवटचं वाक्य: 'सेल बदलून घेताना रिंग बदलली का, हे विचारा.'

'नमस्कार, मी अमुक, आज आपण पाहणार आहोत' ही सुरुवात गाळा, तिथेच लोक पुढे सरकतात.

हात मोकळे सोडू नका. चिमट्यात जुनी, चपटी झालेली रिंग धरून बोला. हात कामात असले की आवाज आपोआप दुकानातल्यासारखा होतो. रिंग बारीक असते, तिचं जवळचं दृश्य नंतर वेगळं घ्या आणि बोलण्यावर चढवा.

वाचक_प्रॉम्प्टर
मुद्द्यांच्या कागदाशी मी पूर्ण सहमत नाही. ज्यांना आकडे, अटी, मॉडेलची नावं अचूक सांगायची असतात त्यांनी टेलिप्रॉम्प्टर, म्हणजे भिंगापाशी मजकूर सरकत दाखवणारा पडदा, वापरावा. फक्त मजकूर बोलीभाषेत लिहा. 'सदर सेवा उपलब्ध आहे' असं कुणी बोलत नाही. ओळ चार-पाच शब्दांची ठेवा, स्तंभ रुंद असला की बुबुळं डावी-उजवीकडे फिरताना दिसतात. अंतर दीड-दोन मीटर हवं.

मुद्दा_एक
आकड्यांपुरतं मान्य. पण ज्यांची तक्रारच 'पाठ केल्यासारखं होतं' अशी आहे, त्यांनी प्रॉम्प्टरने सुरुवात केली तर वाचनाचा सूर पक्का बसतो आणि तो मोडायला जास्त वेळ लागतो.

काटेवाला
मागचा कॅमेरा आणि चिमट्यातली रिंग, एवढ्यानेच बराच फरक पडला, आभार. अजून एक: चुकलं की पुन्हा पहिल्यापासून घेतो आणि प्रत्येक वेळी जास्त थकल्यासारखं दिसतं.

उजेड_सावली
रेकॉर्डिंग थांबवू नका. चुकलं की टाळी वाजवा, दोन सेकंद गप्प राहा, आणि ते *वाक्य* सुरुवातीपासून म्हणा. वाक्याच्या मधून जोडलं तर सूर जुळत नाही आणि कट कानाला कळतो. टाळीचा उंच टोक असलेला आलेख संपादनात लगेच सापडतो, त्याच्या आधीचं चुकलेलं वाक्य काढून टाकायचं. चित्रण ४के मध्ये आणि अंतिम व्हिडिओ १०८०×१९२० ठेवलात, तर एकाआड एक तुकडा २० ते २५ टक्के मोठा करता येतो. चौकट बदलली की उडी जाणवत नाही. मोबाईलमध्ये दोन-तीन जीबी जागा मोकळी आणि एअरप्लेन मोड चालू.

एकाच वाक्याला चार टेक झाले तर वाक्य तोंडात न बसणारं आहे, ते मोडून दोन करा.

कानसेन
सरावासाठी: पहिला आठवडा रोज एक मिनिट, कुणालाही न दाखवता. प्रत्येक रेकॉर्डिंग दोनदा बघा, एकदा आवाज बंद करून फक्त नजर आणि हात, एकदा डोळे मिटून फक्त वेग आणि वाक्यांची शेवटं. बऱ्याच जणांचा आवाज वाक्य संपताना खाली पडतो आणि क्रियापदच ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यातली एकच गोष्ट सुधारायची. दुसऱ्या आठवड्यात ओळखीच्या दोन-तीन गिऱ्हाइकांना पाठवा आणि 'कसा वाटला' असं न विचारता 'काय कळलं' असं विचारा.

आणि मथळे (बोललेले शब्द पडद्यावर लिहून) टाकणार असाल तर उभ्या व्हिडिओचा खालचा साधारण पाव भाग आणि उजवी कड मोकळी सोडा, तिथे ॲपची बटणं आणि नाव येतं. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, त्यामुळे मथळे हवेतच.