मदत हवी आहे: स्टाफला लागण नक्की कुठे होतेय?

कोविड वॉर्डात इन्चार्ज सिस्टर आहे. बारा दिवसांत आमचे पाच जण पॉझिटिव्ह आले: तीन सिस्टर, एक वॉर्डबॉय, एक सफाई कर्मचारी. लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागू शकतात, त्यामुळे माग काढणं अवघड जातंय.

पीपीई किट पुरेसे आहेत, लस सगळ्यांची झालीय. किट काढताना एक जण समोर उभं राहून चुका सांगतो. पण मास्कची फिट टेस्ट, म्हणजे तो चेहऱ्याला नीट बसतो का याची तपासणी, कधीच झाली नाही. एन-९५ ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो खरा, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच! काल एका सिस्टरच्या चष्म्यावर वाफ धरलेली दिसली, म्हणजे मास्कच्या वरून हवा गळत होती, आणि पोटात गोळाच आला. शिवाय जेवायची खोली बिनखिडकीची, सहा-सात जण एकदम मास्क काढून बसतात. मला जास्त संशय त्या खोलीचाच.

दुसरी खोली मिळणार नाही, माणसंही वाढणार नाहीत. फिट टेस्टचं किट मागवलंय, यायला वेळ आहे. तोवर जेवणाच्या पाळ्या पाडून खोलीत हेपा फिल्टर (हवेतले बारीक कण गाळणारा) लावला तर पुरेल का? आणि मास्कची गळती रोज ड्यूटीआधी पटकन ओळखायला तुम्ही काय करता?