नर्सरीवाला फक्त रोपं विकतो?
काही जण म्हणतात की नर्सरीवाला म्हणजे इकडची रोपं तिकडे विकणारा. मला हे अजिबात पटत नाही. लखनौजवळच्या मलिहाबादचे हाजी कलीमुल्ला खान बघा. सातवीत नापास झाले, शाळा सुटली, घरच्या रोपवाटिकेत रमले. १९५७ साली एकाच आंब्यावर सात जातींची कलमं बांधली. पावसाच्या पाण्यानं ते झाड गेलं. तरी माणूस हटला नाही! पुढे एका जुन्या झाडावर तीनशेहून जास्त जाती आणल्या. २००८ ची पद्मश्री मिळाली, एका आंब्याला आपल्या सचिनचं नावही दिलं.

कोकणात नर्सरीवाल्यांना कोय कलम, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावरचं कलम, बांधताना पाहिलंय मी. खुंटाला, म्हणजे त्या खालच्या रोपाला, चीर, तीत हव्या त्या जातीच्या काडीची पाचर, वर घट्ट पट्टी. मग डोळा फुटेपर्यंत जीव टांगणीला.