अनुभव धागा: आपल्या मातीतलं गाणं, आपल्या मालिका आणि मोबाइल

हरिपूरकर (धागाकर्ता)

गाणी आणि मालिका आता आपण बहुतेक सगळे मोबाइलवरच ऐकतो-बघतो. सोय झाली, यात शंका नाही. पण त्या सोयीत एक गोष्ट हरवत चालली आहे आणि तिच्याबद्दल मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

नाट्यपद लावलं की पडद्यावर गायकाचं नाव येतं, कधी तेही येत नाही. पद कुणी लिहिलं, चाल कुणाची, नाटक कोणतं, याचा पत्ता नसतो. गोविंद बल्लाळ देवल आमच्या हरिपूरचे. त्यांचं 'संगीत शारदा' हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आलं आणि त्यातली पदं आजही गायली जातात. मी ज्या अ‍ॅपची वर्गणी भरतो, तिथे देवलांच्या नावानं शोधलं तर काही हाती लागत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक सांगलीत केलं, म्हणून या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. इथल्या माणसाला हे खुपणारच.

तर सांगली-सातारा जिल्ह्यातल्या मंडळींनी मोकळेपणानं लिहावं. कोणतं संकेतस्थळ उपयोगी पडलं, कोणत्या मालिकेनं वेड लावलं, कुणाचे चाहते झालात आणि त्या नादात काय हाती लागलं. भाषा कशीही चालेल.

गावभाग, सांगली

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि गावभागातल्या आमच्या वाड्यात पाणी शिरलं. वरच्या मजल्यावर काय न्यायचं हे ठरवताना कागदपत्रं, औषधं, धान्य एवढंच सुचलं. वडिलांची कॅसेटची दोन कपाटं खाली राहिली. पाणी ओसरल्यावर उघडली तर आतल्या फिती चिखलानं भरलेल्या.

वडिलांनी प्रत्येक कॅसेटवर सुंदर अक्षरात लिहिलेलं असे: पद, राग, नाटक, कवी, गायक, कुठून घेतलं. अक्षरं धुऊन गेली, पण एका वहीत यादी होती आणि ती वहीसुद्धा कशीबशी वाचली. त्या यादीवरून मी एकेक पद पुन्हा शोधायला बसले. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळानं फार मोठा हात दिला. तिथे गीतकार, संगीतकार, स्वर, नाटक, राग असं सगळं वेगवेगळं नोंदवलेलं असतं, शब्दही बहुधा बिनचूक. वडील चष्मा लावून वही आणि पडदा ताडून बघायचे आणि जुळलं की बरोबरची खूण करायचे.

बाजारात मिळणाऱ्या कॅसेटमधलं जवळजवळ सगळं परत मिळालं. जे मिळालं नाही ते वेगळंच आहे. आकाशवाणी सांगली १९६३ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून गावोगावची भजनी मंडळं, हौशी गायक तिथे येऊन गायले. वडिलांनी रेडिओवरून टेप केलेली ती गाणी कुठल्याही अ‍ॅपवर नाहीत. गाणारी माणसं बरीचशी गेली. वहीत त्यांच्या ओळी आहेत, पुढे खूण नाही.

ज्यांच्या घरी अशा कॅसेट अजून शाबूत असतील त्यांनी कृपा करून त्या मोबाइलवर उतरवून घ्या. चांगला प्लेअर मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर आहे त्यावर.

दर्ग्याजवळचा, मिरज

वरचं वाचून राहवलं नाही.

माझा विषय किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचं निधन झालं आणि त्यांना आणलं मिरजेलाच. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ते विसावलेत आणि दर उरुसाला तिथे गाणं होतं. आजोबांचा हात धरून मी तिथे गेलो तेव्हा समजत काही नव्हतं, पण पहाटेपर्यंत माणसं मांडी घालून बसलेली पाहिली होती.

खाँसाहेबांच्या तबकड्या बहुतेक तीन-साडेतीन मिनिटांच्या. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, त्यामुळे १९३० च्या दशकातल्या त्या तबकड्या कुणीही चढवू शकतो. हे चांगलं झालं. संग्राहकांनी मेहनतीनं चढवल्यात. पण चढवलेल्यांत दोन घोळ सारखे भेटतात. पहिला नावाचा. 'पिया बिन नाही आवत चैन' ही झिंझोटी रागातली ठुमरी शोधली की सैगलसाहेबांचं सिनेमातलं गाणं आणि खाँसाहेबांची तबकडी एकमेकांच्या नावावर सापडतात. दोन्ही अमोल आहेत, पण ज्याचं त्याला मिळावं. दुसरा घोळ वेगाचा. जुन्या तबकड्या सगळ्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत. ज्यानं ज्या वेगानं फिरवली त्या पट्टीत आवाज निघतो. एकच तबकडी एका ठिकाणी अर्धा स्वर चढी, दुसरीकडे उतरलेली. खाँसाहेबांचा आवाज मुळात बारीक आणि टोकदार, तो आणखी चढला की नवख्याला वाटतं हेच त्यांचं गाणं.

म्हणून मी जिथे ऐकतो तिथे खाली लिहितो: राग, तबकडीचा क्रमांक दिसत असेल तर तो आणि पट्टी खरी वाटते की नाही ते. कुणी वाचतं, कुणी नाही. परवा बेळगावच्या एका विद्यार्थ्यानं विचारलं की किराण्याचं घराणं आणि मिरज यांचा संबंध काय. त्याला खाँसाहेबांची लेक हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ साली मिरजेचा, इथपासून सुरुवात करून सगळं लिहिलं. तास गेला. आनंद वाटला.

नाइट ड्यूटीवाली, इस्लामपूर

माझं थोडक्यात. मी दवाखान्यात रात्रपाळीला असते. रोजचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी अ‍ॅपवर बघते. वर्गणी भरणाऱ्यांना काही मालिका टीव्हीच्या आधी बघायला मिळतात आणि ती मंडळी संध्याकाळीच ग्रुपवर सगळं सांगून मोकळी होतात. कोण मेलं, कुणाचं लग्न मोडलं. अहो, निदान दुसऱ्या दिवशीपर्यंत दम धरा की. चाहत्यानं दुसऱ्या चाहत्याचा आनंद राखला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

तंतुवाद्यवाला, मिरज

आमच्या घरात सतार-तानपुरे होतात, पिढ्यान् पिढ्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून लांबून चौकशी जास्त येते. गिऱ्हाईक आता गल्लीत येण्याआधी व्हिडिओ कॉलवर वाद्य ऐकवा म्हणतं. इथंच मोठी अडचण आहे आणि ती कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

तानपुऱ्याचा जीव जवारीत. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सूत सरकवत सरकवत एक जागा सापडते, तिथं आवाज उघडतो. घोडी घासून ही जवारी आणायला वर्षानुवर्षं कान तयार करावा लागतो. आणि कॉलवर काय होतं? ही अ‍ॅपं माणसाच्या बोलण्यासाठी केलेली. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा किंवा मिक्सर, असं धरून ती तो दाबतात. तानपुरा तर एकसारखाच वाजणार. मी छेडतोय आणि पलीकडचा म्हणतोय, 'आवाज येईना झालाय, तार तुटली का?' जवारीच्या वरच्या श्रुती तर पोचतच नाहीत.

त्याला उपाय आहे. झूमवर 'ओरिजिनल साउंड' अशी सोय असते, ती दोघांनी चालू करायची. त्याहून बरं म्हणजे इथं नीट मुद्रण करून ती मूळ फाइल ड्राइव्हवर पाठवणं. व्हॉट्सअ‍ॅपच्या आवाजी निरोपात तानपुरा पाठवू नका, त्यात बारकावे राहत नाहीत. आणि शक्य असेल तर या मिरजेला, समोर बसून ऐका. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, त्याची जाडी हातानं बघा.

तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर राग नाही माझा. पोरं प्रवासात रियाज करतात, चांगलंच आहे. पण काही अ‍ॅपवर नुसतं 'मिरज तानपुरा' असं लिहून आवाज दिलेला असतो. कुणाच्या हातचा, कुणी जवारी काढलेली, काही नाही. कारागिराचं नाव लिहिलं तर काय बिघडेल? आम्ही वाद्याच्या आत चिठ्ठी लावतो ती त्याचसाठी.

हरिपूरकर

चिठ्ठीची गोष्ट मला माहीत नव्हती. धन्यवाद. मालिकावाले गप्प का आहेत? वाई-सातारा, या पुढे.

वाईची लेक

आले! 'लागिरं झालं जी' म्हटलं की अजून अंगावर काटा येतो. २०१७ ते २०१९, आमच्या घरात त्या वेळेला कुणी फोन उचलत नव्हतं. लिहिणारे तेजपाल वाघ आमच्या वाईचे, चित्रीकरण साताऱ्याच्या आसपास, आणि गोष्ट फौजेत जायचं स्वप्न बघणाऱ्या पोराची. सातारा जिल्ह्यात हे स्वप्न कुणाच्या घरात नाही सांगा. माझा चुलतभाऊ तेव्हा सीमेवर होता. नेटवर्क मिळेल तेव्हा यूट्यूबवरचे तुकडे बघायचा आणि घरी फोन केला की आधी अज्या-शीतलीचं विचारायचा, मग आईचं.

आमच्यासारखं बोलणारी माणसं टीव्हीवर नायक-नायिका झाली, ही त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. त्याआधी आमची बोली मालिकेत यायची ती बहुतेक गड्याच्या नाहीतर मोलकरणीच्या तोंडी. पुण्यात होस्टेलवर मी दोन वर्षं 'शुद्ध' बोलत होते. मालिका लागल्यावर मैत्रिणी मला म्हणायला लागल्या, अगं, तुझ्याकडचं बोल ना. तेव्हापासून बोलते.

चाहत्यांच्या पानांवर खूप चांगली माणसं भेटली. एका मुलीनं प्रत्येक भागातले आपल्याकडचे शब्द गोळा करून अर्थ लिहिले होते, विदर्भातल्या प्रेक्षकांना कळावं म्हणून. वाईट अनुभव एकच: मालिकेतल्या वाईट पात्राचं काम करणाऱ्यांना लोक खरोखरीच्या शिव्या लिहायचे. काम इतकं चांगलं केलं म्हणून राग आला, तर कौतुक करा. मी तसं लिहीत राहिले आणि लिहीत राहीन.

पुढेही इकडे बऱ्याच मालिका झाल्या. मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'साठी कॅमेरे आले, अजूनही येतायत. गाडीतून उतरलेले पाहुणे विचारतात हे कोणत्या सिनेमातलं. मी त्यांना आधी सांगते की हा नाना फडणवीसांचा घाट आहे, मग सिनेमाचं.

कऱ्हाडची आई

मराठीचा धागा आहे, पण माझी लेक बीटीएस या कोरियन मुलांच्या बँडची चाहती आहे आणि मला तेच लिहायचंय.

सुरुवातीला वाटलं, हे कोरियन काय खूळ. दहावीचं वर्ष, भिंतीवर सात जणांचं पोस्टर. नवं गाणं सोलच्या दुपारी १ ला यायचं, म्हणजे आपल्याकडे सकाळी ९.३०. प्रीतिसंगमावर फिरायला नेलं तरी हिचं लक्ष घड्याळात. मग मी तिच्या शेजारी बसून बघायला लागले. आणि जे दिसलं त्यानं मत बदललं.

या पोरींना गाण्यातली प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कुणी संगीत दिलं, नाच कुणी बसवला, हे तोंडपाठ. गाणं आल्याच्या तासाभरात जगातल्या कुठल्या कुठल्या भाषांत त्याचे अर्थ तयार. लेकीनं मराठीत करायला घेतले आणि एका शब्दासाठी शब्दकोश धुंडाळत बसली. ज्या मुलीला मराठीच्या पेपरात रस नव्हता ती मला 'हुरहुर' आणि 'तगमग' यातला फरक विचारत होती. कोरियन भाषेची हांगुल लिपी शिकली. पंधराव्या शतकात सेजोंग राजानं सामान्य माणसाला वाचता यावं म्हणून ती करवली, हे तिनंच मला सांगितलं.

२०२२ च्या जूनमध्ये त्या मुलांनी एकत्र काम थांबवत असल्याचं सांगितलं तेव्हा ती रडली. पुढे एकेक जण लष्करी सेवेला गेला. आमच्याकडे फौजी घरोघरी, त्यामुळे तिच्या आजीला हे एकदम कळलं. 'पोरं पलटणीत गेलीत व्हय, येतील की' म्हणून तिनं समजूत घातली. २०२५ च्या जूनपर्यंत सगळ्यांची सेवा संपली, तेव्हा आजीला आधी बातमी दिली.

हरिपूरकर, तुमचं देवलांचं दुखणं वाचलं आणि वाटलं, त्या पोरींसारखे चाहते आपल्या नाट्यपदांना मिळायला हवेत. लेकीला विचारलं. म्हणाली, 'मला एक पद दे, मी त्याचं पान करते.' कुठलं देऊ, सांगा.

जतहून, ट्रकवाला

रात्री रेंज नसती, म्हणून गाणी आधीच उतरवून ठेवतो. एक अ‍ॅप बंद पडलं तवा जमवलेली सगळी यादी गेली. आता यादी कागदावर बी लिहून ठेवतो. दिवसा सरकारी रेडिओच्या अ‍ॅपवर आकाशवाणी सांगली लावतो. गुजरातेत असलो तरी आपल्याकडचं माणूस बोलतंय, बरं वाटतं.

हरिपूरकर

कऱ्हाडच्या ताई, लेकीला 'शारदा'तलं 'मूर्तिमंत भीती उभी' द्या. जरठ-बालाविवाहाविरुद्धचं, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्याविरुद्धचं नाटक आहे, आधी गोष्ट सांगा, मग पद ऐकवा.

पसरणी घाट

शाहीर साबळे आमच्या पसरणीचे, जन्म ३ सप्टेंबर १९२३. 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ मध्ये राज्यगीत झालं आणि शाळाशाळांतून त्याचे व्हिडिओ चढले. बहुतेकांखाली फक्त शाहिरांचं नाव. आवाज त्यांचाच, अभिमान आहेच, पण शब्द राजा बढे यांचे आणि संगीत श्रीनिवास खळे यांचं. मी दिसेल त्या व्हिडिओखाली तिन्ही नावं लिहितो. बऱ्याच शिक्षकांनी मग वरच्या माहितीत ती घातली, कुणीही वाईट वाटून घेतलं नाही.

माझी एक विनंती आहे. शाहिरांची गाणी भरपूर मिळतात, पण 'यमराज्यात एक रात्र', 'आंधळं दळतंय' अशी त्यांची मुक्तनाट्यं पूर्ण ऐकायची आहेत. कुणाच्या घरी रेडिओवरून किंवा प्रयोगातून टेप केलेलं काही असेल, अर्धवट असलं, खरखर असली तरी चालेल, इथे कळवा. उतरवून घेण्याची व्यवस्था मी करतो, मूळ फीत जशीच्या तशी परत मिळेल आणि ती ज्यांनी जपली त्यांचं नाव, त्यांची हरकत नसेल तर, सगळ्यात वर लिहिलं जाईल.